गेटच्या रंगाची गिटार

"दादाला दिलं आणि मला नाही" हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा म्हटलं आहे की आईने त्याला माझी आरती असं नाव ठेवलं होतं. नवी सायकल दादाला, त्याची जुनी मला. खिडकीजवळचा पलंग दादाला, स्वयंपाकघराच्या दारातली गादी मला. माझा स्वभाव हेवेखोर आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मोठा शोध लावल्यासारखं करायला नको. पण हेव्यालाही कारण लागतं, आणि नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत कारणांचा तुटवडा नव्हता.

गिटार हे त्यातलं सगळ्यात मोठं कारण. दादा दहावी पास झाला तेव्हा बाबांनी त्याला साधी गिटार आणली आणि शरणपूर रोडवरच्या एका सरांचा क्लास लावला. मला काही लावलं नाही. पण दादा क्लासच्या नावाखाली कॉलेज रोडला उंडारतो असा आईला संशय होता, म्हणून तिने मला त्याच्याबरोबर धाडायला सुरुवात केली. म्हणजे मी तिथे गेले ती हेर म्हणून. दादाही पक्का. मला सरांच्या व्हरांड्यात बसवायचा आणि स्वतः कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर मित्रांत जाऊन उभा राहायचा. सरांनी हाक मारली की यायचा, चार कॉर्ड वाजवायचा, पुन्हा गायब.

सर क्लास घेत तसे गिटारीही दुरुस्त करत. मी रिकामी बसलेली बघून त्यांनी आधी मला नुसतं धरायला लावलं, मग तारा चढवायला, मग सुरात लावायला. गिटारीची मान सरळ आहे का हे बघायला ती डोळ्यासमोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि पतंगाची कामटी बघतात तशी नजर टोकापर्यंत न्यायची, हे त्यांनीच शिकवलं. वाजवायलाही त्यांनीच शिकवलं, फी न घेता, दादाच्या वेळेत. दादा टपरीवर चहा पीत होता तेव्हा मी त्याचा क्लास पूर्ण करत होते.

घरी मात्र गिटार दादाची. तो घरात असताना मी हात लावायचा नाही असा कायदा होता. तो बाहेर गेला की मी काढायची आणि तो यायच्या आत जागेवर ठेवायची. तरी तो ओळखायचा, कारण गिटार सुरात लागलेली असायची.

मग दादा कॉलेजात गेला. तिथे गॅदरिंगसाठी चार पोरांचा बँड निघाला आणि त्यांना वाजवायला इलेक्ट्रिक गिटार हवी झाली. नव्या गिटारीचं नाव बाबांनी काढू दिलं नाही, पण जुनी चांगली मिळाली तर बघू म्हणाले. दादाने जेवण सोडायची धमकी दिली होती, त्याचा तो परिणाम. मी कधीच जेवण सोडलं नाही, कारण माझ्या जेवण सोडण्याने कुणी काही आणून दिलं नसतं.

सरांना मनमाडचे एक गृहस्थ ठाऊक होते. रेल्वेतून रिटायर झालेले, तरुणपणी रेल्वेच्या क्लबात नाचगाण्याच्या कार्यक्रमांना गिटार वाजवणारे. आता बोटं आखडली होती आणि बिऱ्हाड नांदगावला हलवायचं होतं, म्हणून गिटार विकायची होती. "मला रविवारी चर्चमध्ये वाजवायचं असतं, मी येऊ शकत नाही," सर बाबांना म्हणाले. "हिला घेऊन जा. ही नको म्हणाली तर घेऊ नका. हो म्हणाली तर सोडू नका."

दादाचं तोंड एवढंसं झालं. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की मी सरांच्या पाया पडणारच होते. पण नाशिकरोडहून गाडी सुटली, दादाने खिडकी पकडली, आणि माझं बरं वाटणं ओसरलं. गिटार चांगली निघाली तर ती दादाची होणार होती. वाईट निघाली तर कुणाचीच नाही. माझी होण्याची वाट त्यात कुठेच नव्हती, आणि निकाल मात्र मीच द्यायचा होता. म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात मी वाढपी.

मनमाडला त्या काकांचं घर रेल्वेच्या क्वार्टर्सच्या मागे होतं. लांबूनच ओळखू आलं, कारण गेट मोरपंखी ऑइलपेंटने लखलखत होतं. आत गेलो तर तुळशीवृंदावनही मोरपंखी. कूलरचं स्टँड मोरपंखी, खुर्च्या मोरपंखी, भिंतीवरची फळीही तीच. "गिटार कुठे आहे?" मी विचारलं. काकांनी पलंगाकडे बोट दाखवलं. पलंग मोरपंखी होता आणि त्यावर ठेवलेली गिटारही, त्यामुळे ती मला आधी दिसलीच नव्हती.

दादाच्या घशातून एक आवाज निघाला. त्याला काळी, चकचकीत, विजेसारखी काहीतरी हवी होती. ही तर भिंतीसारखी रंगवली होती, तीही जाड ब्रशने. कडेला रंगाचे ओघळ येऊन गोठले होते. दोन जागी ब्रशचे केस रंगातच अडकून राहिले होते. वरच्या टोकाला कंपनीचं नाव असतं, तेही रंगाखाली गडप. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवरसुद्धा रंग गेला होता, आणि बोटांनी घासून तो मधेमधे उडाला होता.

काकू पोह्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर आल्या आणि आमची तोंडं बघून हसायला लागल्या. "मी लय सांगितलं यांला, पण ऐकत नाय," त्या म्हणाल्या. "खंडेनवमीला हत्यारं पुजायची म्हणून दर सालाला सगळ्याला नवा हात मारत्यात. हिलापण. दसऱ्याला यांच्या हातात ब्रश आला का मी आधी घराबाहेर होते. नाय तर मलाबी रंगवत्याल."

"वस्तूला रंग दिला की ती टिकते," काका शांतपणे म्हणाले. "रेल्वेत काय करतो आपण? पूल असो, खांब असो, रंग लावत राहायचा. गंज धरत नाय."

मी गिटार मांडीवर घेतली. सर म्हणायचे, रंग दिलेली गिटार बघताना रंग कशासाठी दिला ते आधी शोधायचं. मोडलेलं झाकण्यासाठी रंग देतात ती घ्यायची नाही. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. मान जिथे धडाला जोडलेली असते तिथे बोट फिरवलं. तिथे रंग साचला होता, आणि नेमकी तिथेच चीर असते. नखाने थोडं खरवडू का विचारलं. काका म्हणाले, खरवड. खाली निळा निघाला, त्याच्याखाली हिरवा, पण चीर नाही. मान डोळ्यासमोर धरली. किंचित वाकली होती, पण एकसारखी, पीळ नव्हता. असं वाकणं आतल्या सळीचा पेच फिरवला की सरळ होतं. मग मागच्या स्क्रूंकडे बघितलं. सगळ्या स्क्रूंच्या खाचा रंगाने गच्च भरल्या होत्या.

दादा म्हणाला, "बघ, स्क्रूसुद्धा सोडले नाहीत. घाणेरडं काम." घाणेरडं होतंच, पण त्याचा अर्थ असा होता की इतक्या वर्षांत ते स्क्रू कुणी उघडलेच नव्हते. आतलं कुणी चोरलं नव्हतं, बदललं नव्हतं, बिघडवलं नव्हतं. मी बाबांच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर घेतला, तारा सैल केल्या आणि पुढच्या, तारांखालच्या प्लास्टिकच्या झाकणाचे स्क्रू खाचा कोरून कोरून सोडवले. प्लास्टिक हलकेच वर उचललं. तिथे ब्रश पोचला नव्हता. खाली मधासारखं लाकूड होतं, जुन्या पातळ वॉर्निशखाली, आणि त्याची रेघ एका कडेकडून दुसरीकडे न तुटता गेली होती. कोपऱ्यात हळद लागलेल्या अक्षता अडकून वाळल्या होत्या.

तेवढं बघितलं आणि मी प्लास्टिक परत खाली दाबलं. दादा पोहे खात होता. बाबा काकांशी पेन्शनबद्दल बोलत होते. ते लाकूड मी एकटीनेच बघितलं होतं.

काकांकडे गणपती मंडळाचा जुना ॲम्प्लिफायर होता. त्यात वायर खोचली. आवाजाचं बटण फिरवताना खरखर झाली, पण चारदा फिरवल्यावर ती गेली; म्हणजे नुसती धूळ. तारा लावल्या आणि एक सूर छेडला. तो सूर उठला आणि उठलेलाच राहिला. काकू ताटल्या घेऊन आत गेल्या, बाहेर आल्या, तरी तो होता. मग मी वाजवलं. किती वेळ ते आठवत नाही, काय वाजवलं तेही नाही. थांबले तेव्हा काका डोळे मिटून बसले होते.

"पोरीसाठी घेताय व्हय?" त्यांनी बाबांना विचारलं.

बाबा हसले. "छे छे. मुलासाठी. ही नुसती बघायला आली आहे."

मला तेव्हा दादाचा जो राग आला तो आजही जसाच्या तसा काढून दाखवता येईल. तो बिचारा काही बोललाही नव्हता. दाताला चिकटलेला शेंगदाणा काढत होता. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, पण इथे एकाच घरात दात माझ्याकडे आणि चणे त्याच्याकडे चालले होते, आणि ते चणे चांगले आहेत की किडके, हे मी चावून सांगायचं होतं.

"काय गं, घ्यायची का?" बाबांनी विचारलं.

नको म्हणणं किती सोपं होतं! दादाला रंग आवडलाच नव्हता. बाबांचंही मन उतरलं होतं. मी नुसतं नाक मुरडलं असतं तरी आम्ही पोह्यांचे आभार मानून उठलो असतो, आणि दादा गॅदरिंगला टाळ्या वाजवणाऱ्यांत बसला असता. तो तसा बसलेला मला डोळ्यांपुढे स्पष्ट दिसला आणि गोड वाटला. पण मी नको म्हटलं असतं तर ती गिटार पुन्हा त्या पलंगावर गेली असती, आणि येत्या दसऱ्याला तिच्यावर आणखी एक हात बसला असता. शिवाय दादाचं कॉलेज सकाळचं होतं, माझी शाळा दुपारची.

"घ्या," मी म्हणाले. "रंग सोडला तर हिच्यात वाईट काहीच नाही. अशी पुन्हा मिळणार नाही."

हे मी मालकासमोर, मोठ्याने बोलले. रंगावर बोट ठेवून भाव पाडायची बाबांची तयारी त्यामुळे मातीत गेली, आणि परतीच्या गाडीत त्यांनी मला मनमाडपासून निफाडपर्यंत त्यावर सुनावलं. दादा गिटार मांडीवर घेऊन खिडकीशी बसला होता. मी म्हटलं, थोडा वेळ माझ्याकडे दे. तो म्हणाला, "पाडशील."

त्या वर्षीच्या नवरात्रात खंडेनवमी आली. आमच्या घरी बाबांचा नियम होता, ज्याचं हत्यार त्यानेच पुजायचं. बाबांनी आपले पाने आणि मापं मांडली. ते सातपूरच्या कंपनीत टूलरूममध्ये होते. आईने शिलाई मशीन पुसून ठेवलं. दादाने गिटार आणून मधोमध उभी केली, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि मागे सरून बघितलं. माझ्या पुढ्यात काहीच नव्हतं. मी पुस्तकं आणायला गेले तर आई म्हणाली, पुस्तकं उद्या, सरस्वतीबरोबर. मग माझी जागा रिकामी दिसू नये म्हणून तिने स्वयंपाकघरातून विळी आणली आणि माझ्यासमोर ठेवली.

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिच्याही आईने तिच्यापुढे विळीच ठेवली असणार. पण मी त्या विळीला कुंकू लावताना समोरच्या हाराकडे बघत होते, आणि माझ्या पोटात अशी आग पडली होती की दुपारच्या पुरणपोळीने ती विझली नाही. पुरणपोळी मला फार आवडते, यावरून ओळखा.

पुढे दादाला मोरपंखी रंगाची लाज वाटायला लागली. मी त्याला सांगितलं, नुसता रंग काढ, खाली लाकूड सुंदर आहे, मी बघितलं आहे. माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याने गिटार द्वारका चौकाजवळ स्कूटरींना रंग मारणाऱ्या एका माणसाकडे नेली आणि ऑइलपेंट न काढताच वरून काळा स्प्रे मारून घेतला. दोन्ही रंगांचं पटलं नाही. रात्रीतून सगळा काळा रंग आक्रसला आणि तापलेल्या दुधावर साय धरते तशा त्याला सुरकुत्या पडल्या. वर तो कधी पूर्ण वाळलाच नाही. गरम झालं की दादाचा हात त्याला चिकटायचा.

तरीही गॅदरिंगला त्याने तीच गिटार वाजवली. मी आईबाबांबरोबर मागच्या रांगेत होते. लांबून सुरकुत्या दिसत नव्हत्या, काळा रंग दिव्यांत चमकत होता आणि दादाच्या वर्गातल्या मुली त्याचं नाव घेऊन ओरडत होत्या. तो तीन ठिकाणी चुकला. मला तिन्ही ठिकाणं माहीत होती, कारण त्याच जागी तो घरीही चुकायचा. आई डोळे पुसत होती. मीही पुसले, आणि आई म्हणाली, "भावाचं कौतुक वाटतं ना?" मी हो म्हटलं.

घरी आल्यावर दादा बाबांना म्हणाला, गिटारीची मानच वाकडी आहे, म्हणून चुकलं. नाचता येईना अंगण वाकडं! ती मान सरांनी सळीचा पेच फिरवून कधीच सरळ केली होती. मीच धरून बसले होते.

मग दादा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि गिटार माळ्यावर गेली. मला वाटलं, आता तरी. पण आईच्या लेखी ती दादाचीच होती. दर खंडेनवमीला आई मला माळ्यावर चढवायची, गिटार खाली काढून पुसायला लावायची आणि दादाच्या वतीने स्वतः हार घालायची. "तो इथे नाही, पण त्याची पूजा चुकायला नको." माझ्यापुढे विळी. मी एव्हाना सरांच्या क्लासमध्ये लहान मुलांना शिकवत होते, सरांच्याच गिटारीवर. ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तरीही विळी.

एकदा दादाने फोनवर सांगितलं, "त्या सुरकुतलेल्या फळीचं काय करायचंय? द्या कुणाला तरी." बाबांनी ते जेवताना आम्हाला सांगितलं. मी ताटावरून उठले, हात धुतले आणि गिटार खाली काढली.

भद्रकालीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून रंग काढायचं रिमूव्हर आणलं. बाबांनी कंपनीतले रबरी हातमोजे आणून दिले आणि हे गच्चीवर कर म्हणाले. पुढचं प्लास्टिक सोडवून बाजूला ठेवलं, मान वेगळी केली. रिमूव्हर लावलं की रंगाला फोड यायचे आणि मी पत्र्याच्या पट्टीने तो खरवडायची. आधी काळा निघाला, मग मोरपंखी, मग निळा, हिरवा, एक पिवळा. काकांनी जितके दसरे केले होते तितके ते थर. रिमूव्हरने टोकावरचं कंपनीचं नावही गेलं, त्यामुळे ती कुठल्या कंपनीची हे मला आजही सांगता येत नाही. मग घासलं, पुन्हा घासलं, आणि लाखेचं पॉलिश कापडाच्या बोळ्याने पातळ पातळ चढवत गेले. सरांनी मानेवरच्या पट्ट्या साफ करून दिल्या. सगळं जोडून झालं तेव्हा मनमाडला कोपऱ्यातून दिसलेलं ते लाकूड पूर्ण माझ्या मांडीवर होतं.

त्या वर्षी दादा नोकरीला लागला होता आणि नवरात्रात सुट्टी काढून आला. वणीला जाणाऱ्यांच्या गर्दीने स्टँड फुललेलं, त्यामुळे त्याला रिक्षा मिळाली नाही आणि तो घामाघूम होऊन दारात आला तेव्हा पूजेची मांडणी झाली होती. बाबांचे पाने, आईचं मशीन, आणि माझ्यासमोर गिटार. विळी आईने सवयीने आणली होती, पण जागा नाही बघून ती बाजूला टेकवून ठेवली होती.

दादाने बॅग टाकली आणि थेट गिटारीकडे गेला. उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. लाकडावरून तळवा फिरवला.

"भारी आहे गं ही," तो म्हणाला. "कुणाची?"

आईने तोंड उघडलं. "अरे, ही तर..."

"माझी," मी म्हणाले.

त्याने एक तार छेडली आणि सूर थांबेपर्यंत ऐकत राहिला. सूर बराच वेळ थांबला नाही. मग गिटार खाली ठेवायच्या ऐवजी त्याने ती छातीशी जरा घट्ट धरली आणि बाबांकडे बघून म्हणाला, "मला तेव्हा अशी घेऊन दिली असती ना, तर मी कधी सोडलीच नसती."

आई माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. बाबा वाती भिजवत होते, त्यांनी मान वर केली नाही. "ज्याचं हत्यार त्यानेच पुजायचं," ते म्हणाले. "दे तिच्याकडे."

दादाने गिटार माझ्या हातात दिली. सोडताना त्याची बोटं जरा रेंगाळली. मी हळदकुंकू लावलं, हार घातला. दादाचं हत्यार पुण्याला ऑफिसात टेबलावर राहिलं होतं, त्यामुळे तो पाटावर बसला तेव्हा त्याच्या पुढ्यात काहीच नव्हतं. मी बाजूला टेकवलेली विळी उचलली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"हिला लाव कुंकू," मी म्हणाले.